आधी ‘ग्रेप्स’, मग ‘ग्रेप’

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

माझं माहेर तासगावचं, वडिलांचा बेदाण्याचा व्यवसाय. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे तैवानमध्ये शिंचूला आले. इथल्या इमारतीतल्या काही बायका शनिवारी माझ्याकडे इंग्रजी बोलायला येतात आणि बदल्यात मला चिनी शिकवतात. फी वगैरे काही नाही. परवा मी टेबलावर द्राक्षं ठेवली आणि म्हटलं, आज यावरच बोलू. सोपा शब्द म्हणून निवडला आणि तिथेच गाडी अडली. ‘आय लाइक ग्रेप’, ‘आय ईट मेनी ग्रेप’, ‘अ स्ट्रिंग ऑफ ग्रेप’. कितीही सांगा, शेवटचा ‘एस’ येतच नाही. उच्चार तर ‘कुरेपु’ असा काहीतरी. कुणी बेदाण्याला ‘ड्राय ग्रेप’ म्हणतं, तर कुणी ‘शी इज सोअर ग्रेप’ म्हणतं. आमच्यातल्या एका आजींना मुलाने अमेरिकेहून औषध पाठवलं. त्या बाटलीवर ‘ग्रेपफ्रूट’ टाळा असं लिहिलेलं वाचून त्यांनी द्राक्षंच बंद केली. एका बाईंची कॉलेजात जाणारी मुलगीही येते. तिने मला फोनवर एक वाक्य दाखवलं, त्यात द्राक्षांचं चित्र होतं. मला जो अर्थ वाटला तो सगळ्यांसमोर बोलवेना. या बायका हुशार आहेत, मग एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात का राहत नाही? माझं शिकवणं कुठे चुकतंय का?

– तासगावची माहेरवाशीण, शिंचू

उत्तर

प्रिय ताई,

बाकी सगळं नंतर, आधी आजींच्या औषधाचं. त्यांना आजच फोन करा आणि सांगा की बाटलीवर ज्या फळाचं नाव आहे ते द्राक्ष नव्हेच. त्या इशाऱ्यासाठी द्राक्षं सोडायची गरज नाही. ग्रेपफ्रूट हे लिंबू-मोसंबीच्या कुळातलं फळ. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून ते वेस्ट इंडीजच्या बेटांवर अठराव्या शतकात आलं. झाडावर ते घोसाने लागतं, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या आपल्या आतड्यात ज्या विकराने मोडल्या जातात, त्या विकराचं काम या फळातली द्रव्यं रोखतात. मग औषध रक्तात हवं त्याहून जास्त चढतं. म्हणून बाटलीवर तो इशारा असतो.

पण एवढं सांगून थांबू नका. तुमच्याकडे मध्य-शरद सणाला घरोघरी वन्तान नावाचं पपनस सोलून खातात, ते तुम्ही पाहिलं असेलच. पपनसातही हीच द्रव्यं असू शकतात. म्हणजे आजींनी निरुपद्रवी द्राक्षं सोडली आणि विचारून खायला हवं असं फळ मात्र चालूच आहे, अशी शक्यता आहे. औषधाची बाटली त्यांच्या डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा आणि ग्रेपफ्रूट व पपनस या दोन्ही फळांबद्दल विचारायला सांगा.

आजी फसल्या यात त्यांचा दोष नाही. चिनीत या फळाला ‘फूथाव-यौ’ म्हणतात. फूथाव म्हणजे द्राक्ष, यौ म्हणजे पपनस. नावाचा शेवटचा तुकडाच सांगतो की हे पपनसाच्या जातीचं आहे. इंग्रजी नावाचा शेवटचा तुकडा ‘फ्रूट’, म्हणजे नुसतं फळ. त्यातून काहीच कळत नाही. चिनी बोलणारा माणूस ते नाव तोडून ‘द्राक्ष नावाचं फळ’ असं वाचणार, हे ओघाने आलंच. पुढच्या शनिवारी ग्रेपफ्रूट आणि द्राक्षाचा घड शेजारी शेजारी ठेवा. बाजारात दोन्ही मिळतात. हा फरक बघूनच पक्का होतो.

आता ‘एस’चं. तुम्ही विचारलंय की एवढी साधी गोष्ट लक्षात का राहत नाही. ताई, ती साधी आपल्याला वाटते, कारण आपण ‘एक द्राक्ष, चार द्राक्षं’ म्हणत मोठे झालो. पण आपल्याच भाषेत थोडं डोकावून बघा. एक पेरू, चार पेरू. एक चिकू, डझनभर चिकू. एक फणस, दोन फणस. नाम तसंच राहतं आणि आपलं काहीही अडत नाही. ‘पेरू पडला’ आणि ‘पेरू पडले’ यात संख्या क्रियापदाने सांगितली, पेरूने नाही. चिनीत क्रियापदही बदलत नाही. तिथे संख्या सांगायचं काम एका वेगळ्याच शब्दाकडे दिलेलं आहे, आणि तो शब्द तुम्ही शनिवारच्या बदल्यात शिकलाच असाल. ‘ई ख फूथाव’ म्हणजे एक दाणा द्राक्ष. ‘ई छ्वान फूथाव’ म्हणजे एक घड द्राक्ष. फूथाव कुठेच हललं नाही. सगळं ओझं ‘ख’ने आणि ‘छ्वान’ने उचललं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चिनीत अनेकवचनाचा प्रत्यय अजिबात नाही असं नाही. ‘वो’ म्हणजे मी, ‘वोमन’ म्हणजे आम्ही. हा ‘मन’ माणसांना लागतो. फळांना लावला तर बालकथेतली द्राक्षं उठून बोलायला लागल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या बाईंना तुम्ही ‘ग्रेप’ला ‘एस’ लावायला सांगता, त्यांच्या मनात अनेकवचनाची खूण ही माणसांची गोष्ट आहे. शिवाय ‘मेनी’ म्हटलं की पुष्कळ हे कळलंच, मग पुन्हा ‘एस’ कशाला, हा त्यांचा हिशेब चोख आहे. इंग्रजी तीच गोष्ट दोनदा सांगते. आपणही ‘पुष्कळ द्राक्षं’ म्हणताना दोनदा सांगतो, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. हे त्यांना मोकळेपणाने सांगा. आपलं तर्कशास्त्र बरोबर होतं, ही भाषाच दुहेरी नोंद ठेवते, हे एकदा कळलं की मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींच्या मनातली शरम जाते. आणि शरम गेल्याशिवाय तोंड उघडत नाही.

यावर माझा उपाय असा की क्रमच उलटा करा. पुस्तकं आधी ‘ग्रेप’ शिकवतात आणि मग त्याला ‘एस’ जोडायला सांगतात. सफरचंदाला ते ठीक आहे, कारण सफरचंद आपण एकेक करून हातात घेतो. द्राक्ष एकटं क्वचितच भेटतं. म्हणून मूळ शब्दच ‘ग्रेप्स’ आहे असं शिकवा. वाडग्यात ग्रेप्स, फ्रिजमध्ये ग्रेप्स, ‘वुड यू लाइक सम ग्रेप्स?’, ‘दीज ग्रेप्स आर स्वीट’. आपल्या घरांतली मुलं हा शब्द असाच शिकली आहेत, मराठी बोलतानाही ती सरळ ‘ग्रेप्स’च म्हणतात. ‘ग्रेप’ हा एकटा दाणा नंतर येऊ द्या. एक जमिनीवर पडला, एक चाखून बघ म्हटलं, बाळाला देताना एकेक दाणा उभा चिरला. असे प्रसंग आले की ‘अ ग्रेप’ आपोआप अर्थपूर्ण होतो. त्यातही ‘अ’ सुटू देऊ नका. इंग्रजीत हे फळ एकतर ‘अ ग्रेप’ असतं किंवा ‘ग्रेप्स’. उघडंबोडकं ‘ग्रेप’ सहसा फळ नसतंच.

मग ते काय असतं? इथे तुमच्या विद्यार्थिनींना एक आनंदाची बातमी द्या. ‘आय लाइक ग्रेप’ हे वाक्य इंग्रजीत अगदी बरोबर आहे, फक्त ते आइस्क्रीमच्या दुकानात बोलायचं. तिथे ‘ग्रेप’ म्हणजे चव. स्ट्रॉबेरी नको, लेमन नको, ग्रेप आवडतो. दुसऱ्या नामाच्या आधी आला तरी तो असाच उघडा राहतो: ग्रेप ज्यूस, ग्रेप जेली, ग्रेप सोडा. रस शंभर द्राक्षांचा असला तरी ‘ग्रेप्स ज्यूस’ होत नाही. आपणही द्राक्षबाग म्हणतो, द्राक्षंबाग म्हणत नाही. म्हणजे त्या बायका म्हणतात ते सगळं चूक नव्हतं, ते वाक्य चुकीच्या टेबलावर आलं होतं. हे असं सांगितलंत तर ‘चूक’ हा शब्दच वापरावा लागणार नाही.

चवीचा विषय निघालाच आहे तर त्यात थोडं रमायला हरकत नाही, कारण याने गप्पांना भरपूर खाद्य मिळेल. अमेरिकी मिठाईत आणि सरबतात ‘ग्रेप’ची जी जांभळी, उग्र गोड चव असते ती आपल्या थॉम्पसनची किंवा सोनाकाची नाही. ती काँकर्ड या जातीची. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावी एफ्रेम वेल्स बुल यांनी ती १८४९ साली वाढवली, आणि वीस वर्षांनी थॉमस वेल्च यांनी न आंबवलेला, तापवून टिकवलेला द्राक्षरस तयार केला तेव्हापासून त्या चवीचा पुढे मोठा धंदा झाला. तासगावात वाढलेल्या माणसाला ती चव ‘द्राक्षाची’ वाटतच नाही. पण तुमच्या विद्यार्थिनींना वाटेल! तैवानच्या बागांतलं मुख्य द्राक्ष क्योहो, मूळचं जपानी, मोठं, काळपट जांभळं, साल सहज सुटणारं. त्याच्या वंशात अमेरिकी द्राक्षाचं रक्त आहे आणि वासही त्याच अंगाचा आहे. म्हणजे ‘ग्रेप’ ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हिरवं, बिनबियांचं, सालीसकट खायचं द्राक्ष येतं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जांभळं, सोलून बी काढून खायचं. ‘डू यू पील युअर ग्रेप्स?’ हा एक प्रश्न विचारा आणि बघा किती बोलतात. द्राक्षाची साल थुंकण्यावरून चिनीत एक प्रसिद्ध जीभवळण आहे, ते त्यांच्याकडून शिकून घ्या. त्या दिवशी अडखळायची पाळी तुमची असेल, आणि वर्गासाठी ते फार चांगलं असतं.

उच्चाराबद्दल मात्र मला तुमच्या कानाशी थोडं भांडायचं आहे. ‘कुरेपु’ असं तुम्ही लिहिलंत. त्यातला ‘क’ बाजूला ठेवूया. मराठीत क, ख, ग, घ असे चार वेगळे ध्वनी आहेत. चिनीत यांच्या जागी दोनच: क आणि ख. रोमन लिपीत जिथे ‘जी’ लिहितात तिथे चिनी माणूस आपला ‘क’ म्हणतो, आणि ‘के’ लिहितात तिथे ‘ख’. आता गंमत अशी की इंग्रजी कानही शब्दाच्या सुरुवातीला घोष, म्हणजे ‘ग’ म्हणताना गळ्यात होणारं कंपन, फारसा ऐकत नाही, तो श्वासाचा झोत ऐकतो. झोत नसलेला ‘क’ त्याला ‘ग’च वाटतो. म्हणजे तुमची विद्यार्थिनी लंडनमध्ये ‘क्रेप’ म्हणाली तरी दुकानदार ‘ग्रेप’ ऐकेल. ती चूक फक्त मराठी कानाला टोचते. त्यावर एक मिनिटही घालवू नका.

स्वरात तर त्या आपल्यापेक्षा पुढे आहेत. आपण सरळ ‘ग्रे-प’ म्हणतो. इंग्रजीत तो स्वर ‘ए’वरून ‘इ’कडे घसरतो, आणि तसाच घसरता स्वर चिनीत रोजच्या वापरात आहे. तेव्हा तिथे त्यांना आपल्यासारखं बोलायला लावू नका.

खरं काम दोन ठिकाणी आहे. ‘ग’ आणि ‘र’ जोडून म्हणायची त्यांना सवय नाही, म्हणून मध्ये ‘उ’ शिरतो. तो हळूहळू आखडेल, घाई नको. त्या ‘उ’वर वैतागून कुणी ‘ग’च गाळला तर जो शब्द उरतो तो फार वाईट आहे, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे. दुसरं, शेवटचा ‘प’. मंदारिन चिनीत शब्दावयव स्वरावर संपतो किंवा ‘न’, ‘ङ’सारख्या अनुनासिकावर. ओठ मिटून ‘प्’वर थांबणं त्या भाषेत नाहीच. म्हणून कुणी पुढे ‘उ’ जोडतं, तर कुणी ‘प’ खाऊन टाकतं आणि ‘ग्रे’ उरतो, म्हणजे करडा रंग. इथे तुमचं शिंचू कामी येईल. तुमच्या परिसरात हाक्का बोलणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि तैवानी होक्क्येन तर सगळीकडे ऐकू येते. या दोन्ही भाषांत ‘दहा’ या आकड्याचा शब्द ओठ मिटून ‘प्’वर संपतो. आजींना विचारा: तुमच्या घरच्या बोलीत दहा कसं म्हणता? त्या म्हणतील, ओठ मिटतील, आणि तुम्ही म्हणा, हेच, असंच ‘ग्रेप’ला करायचं. वर्गातल्या तरुण मुलींपेक्षा आजींना ते आधी जमलं तर नवल नाही. हाँगकाँगकडची कुणी असेल तर कँटोनीजमध्येही तीच सोय आहे.

आणि आता दोन्ही धागे एकत्र येतात. ज्यांना शेवटचा ‘प्’ जड जातो, त्यांना ‘प्स्’ तर दुप्पट जड जाणार. तुम्हाला जो ‘एस’ गायब दिसतोय त्यातला बराचसा व्याकरणाचा नसून तोंडाचा असेल. शोधायचा मार्ग सोपा आहे. वाक्य लिहायला सांगा. कागदावर ‘ग्रेप्स’ बरोबर येतंय आणि बोलताना जातंय, तर नियम सांगून उपयोग नाही, जीभ वळवावी लागेल. त्यासाठी ‘ग्रेप्स’नंतर स्वराने सुरू होणारा शब्द ठेवा. ‘ग्रेप्स आर’ हे ‘ग्रेप-सार’ असं म्हणू द्या, ‘ग्रेप्स अँड’ हे ‘ग्रेप-सँड’ असं. ‘स’ पुढच्या स्वरावर जाऊन बसला की त्यांना सहज जमतो, आणि इंग्रजी बोलणारे लोकही ओघात असंच जोडून बोलतात. हे जमेपर्यंत सुटा ‘ग्रेप्स’ पाठ करून घेऊ नका.

‘स्ट्रिंग ऑफ ग्रेप’ कुठून आलं ते तुम्हाला कळलंच असेल. छ्वान हा शब्द माळ, किल्ल्यांचा जुडगा, काडीला खोचलेले तुकडे, अशा सगळ्या ओवलेल्या गोष्टींना चालतो, आणि त्याचं अक्षरही दोन चौकटींतून आरपार गेलेल्या दांड्यासारखं दिसतं. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘स्ट्रिंग’ सापडतं. द्राक्षांना ‘बंच’. किल्ल्यांनाही बंच, केळ्यांनाही बंच. मोत्यांची ती स्ट्रिंग. एवढं पुरे.

बेदाण्यावर मात्र थोडं थांबा, कारण हा विषय तुमच्या घरचा आहे. चिनीत फूथाव हे मूळ धरून पुढे सगळं रचलेलं आहे: फूथाव-कान म्हणजे सुकं द्राक्ष, फूथाव-च्यौ म्हणजे द्राक्षाची दारू, फूथाव-थांग म्हणजे द्राक्षाची साखर. त्यामुळे ‘ड्राय ग्रेप’, ‘ग्रेप वाइन’, ‘ग्रेप शुगर’ हे तिन्ही त्यांच्या तोंडी येणार. इंग्रजीत ‘वाइन’ म्हटलं की द्राक्षाची हे गृहीतच असतं. तांदळाची असेल तर ते वेगळं सांगतात. साखरेला ग्लुकोज. आपल्या पाठ्यपुस्तकातली द्राक्षशर्करा हीच, तेव्हा चिनी नाव आपल्याला चटकन कळतं, पण दवाखान्यात ‘ग्रेप शुगर’ म्हटलं तर नर्स गोंधळेल. आणि बेदाण्याला रेझिन. यामागे एक छान गोष्ट आहे. फ्रेंच भाषेत द्राक्षालाच ‘रेझँ’ म्हणतात, आणि ‘ग्राप’ म्हणजे घड. इंग्रजांनी घडाचा शब्द फळाला दिला आणि फळाचा शब्द सुकवलेल्या फळाला. त्याआधी ते द्राक्षाला ‘वाइनबेरी’ अशा अर्थाचा त्यांचा स्वतःचा जुना शब्द वापरत. हे सांगितलंत तर ‘रेझिन’ त्यांच्या लक्षात राहील, कारण शब्दांची अशी अदलाबदल कुणी सहसा विसरत नाही.

बेदाणा आणि मनुका हा फरक तुम्हाला शिकवावा लागला नसेल. इंग्रजीतही तसे भेद आहेत. ब्रिटिश लोक फिकट, बिनबियांच्या बेदाण्याला सुलताना म्हणतात आणि बारीक काळ्याला करंट. अमेरिकेत बहुतेक वेळा सगळ्याला रेझिन चालतं. पण तुम्ही त्यांना शब्दांची यादी देऊ नका. तासगावात बेदाणा कसा होतो ते सांगा. आम्ही घड कापतो, द्रावणात बुडवतो, शेडमध्ये जाळीवर पसरतो, वारं खेळू देतो, मग चाळतो, प्रतवारी करतो. ‘वी कट द ग्रेप्स, वी डिप द ग्रेप्स, वी स्प्रेड द ग्रेप्स.’ बघा, अनेकवचन न सांगता किती वेळा आलं! आणि शेवटी ‘नाऊ दे आर रेझिन्स.’ मग त्यांना हेच उलटं सांगायला लावा. चीनमध्ये शिनज्यांगमधल्या तुर्फानला द्राक्षं मातीच्या विटांच्या, भिंतींना भोकंच भोकं ठेवलेल्या घरांत टांगून गरम वाऱ्यावर सुकवतात. कुणी तसे फोटो पाहिले असतील, ती ते वर्णन करेल. मध्य आशियातून हे फळ चीनमध्ये गेलं ते हान राजघराण्याच्या काळात, सम्राट वू याच्या दूतांबरोबर. फूथाव हा शब्दही तिकडूनच गेला असं अभ्यासक मानतात. या गप्पांत इंग्रजी हे फक्त वाहन राहतं, आणि भाषा अशीच अंगात मुरते असा माझा अनुभव आहे.

आता ‘शी इज सोअर ग्रेप’. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही इसापची गोष्ट मराठीत आहे तशी चिनीतही मुरलेली आहे: खायला मिळाली नाहीत म्हणून द्राक्षं आंबट म्हणतो. तेव्हा अर्थ त्यांना पक्का माहीत आहे. अडचण जोडणीची आहे. इंग्रजीत माणूस ‘सोअर ग्रेप्स’ नसतो, त्याचं बोलणं ‘सोअर ग्रेप्स’ असतं: ‘दॅट्स जस्ट सोअर ग्रेप्स.’ आणि इथे द्राक्षं कायम अनेकवचनी. अर्थातही एक बारीक फरक आहे. तैवानमध्ये बोलताना नुसतं ‘स्वान’, म्हणजे आंबट, हेवा करणाऱ्या माणसाला सर्रास वापरतात. त्यामुळे शेजारणीच्या नव्या गाडीचा हेवा वाटला तरी त्या ‘सोअर ग्रेप्स’ म्हणतील. इंग्रजीत नुसता हेवा पुरत नाही. आधी स्वतःला ती गोष्ट हवी होती, ती मिळाली नाही, आणि मग तिला नावं ठेवली, तरच. आपल्या कोल्ह्याचंही नेमकं हेच आहे, तेव्हा तुम्हाला समजावणं सोपं जाईल.

शेवटी त्या मुलीचा प्रश्न. तुम्हाला आलेला संशय बहुधा खरा आहे. समाजमाध्यमांवर काही शब्द लिहिले तर यंत्रणा ती पोस्ट दाबून टाकते अशी लोकांना भीती असते. म्हणून बलात्कार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा ‘ग्रेप’ लिहितात, कधी नुसतं द्राक्षांचं चित्र टाकतात. ‘शी वॉज ग्रेप्ड’ असं वाक्य दिसलं तर त्याचा अर्थ तो आहे. शब्दकोशात तो सापडणार नाही, म्हणूनच ती तुमच्याकडे आली.

तिला हे सांगा. वर्गात नको, एकटीला, चहा पिताना, सरळ शब्दांत. लाजून टाळलंत तर ती दुसऱ्या कुणाला विचारेल, आणि तो माणूस कसा असेल सांगता येत नाही. सांगताना दोन गोष्टी नीट स्पष्ट करा. हा अर्थ वाचताना ओळखायचा, स्वतः बोलताना वापरायचा नाही. ज्यांनी ते भोगलं आहे त्यांच्यातल्या काहींना हा फळाचा आडोसा आपल्या दुःखाची थट्टा वाटतो. पोलिसांना, डॉक्टरांना किंवा शिक्षकांना सांगायची वेळ आली तर खरा शब्द वापरायचा, तिथे आडोसा नुकसान करतो. आणि दुसरं, कुणी जेवणानंतर काय खाल्लं म्हणून द्राक्षांचं चित्र पाठवलं तर ती द्राक्षंच आहेत. अर्थ आजूबाजूच्या वाक्यावरून ठरतो, तेव्हा चित्राचीच धास्ती नको.

मग एक प्रश्न हलकेच विचारा: ते वाक्य तिने कुठे वाचलं? अनोळखी माणसाची पोस्ट असेल तर विषय तिथेच संपला. पण एखाद्या मैत्रिणीने तिला ते लिहिलं असेल, तर ती मैत्रीण मदत मागत असण्याची शक्यता आहे, आणि परक्या भाषेतल्या एका फळामुळे ती मागणी कुणालाच ऐकू गेलेली नसेल. तैवानमध्ये कौटुंबिक आणि लैंगिक हिंसाचारासाठी ११३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. तो क्रमांक त्या मुलीला द्या, आणि मैत्रिणीशी काय बोलायचं हे ती ठरवत असेल तेव्हा तिच्या शेजारी बसा.